न मिळालेला कौल

माझी लेक शकू नऊ वर्षांची असताना तिला रक्ताचे जुलाब सुरू झाले आणि माझी देवावरची श्रद्धा डळमळली. आम्ही हुपरीचे, घरीच चांदीचे पैंजण घडवणारे. माझ्याच लेकीच्या पायांतून पैंजण निसटायला लागले, इतकी ती वाळली. आव समजून काढे, पथ्य, अंगारा सगळं झालं. अखेर कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात निदान झालं. मोठ्या आतड्याला जखमा होणारा, वर्षानुवर्षं पाठ न सोडणारा आजार होता तो.

तिथले डॉक्टर सरळ बोलणारे. या आजारावरची गोळी मोठ्या माणसांना लागू पडते, पण मुलांना ती किती सोसते हे अजून पुरतं ठाऊक नाही, असं त्यांनी सांगितलं. काही मुलांना वजनाच्या मानानं गोळी देऊन, रक्त तपासून ते त्याचाच अभ्यास करत होते. शकूला द्यायची का, हे त्यांनी माझ्यावर सोपवलं. नको म्हणालात तरी बाकीचे उपचार चालू राहतील, असंही सांगितलं. माझ्या लेकीवर प्रयोग, या विचारानं डोकं फिरलं. पण पोर डोळ्यांदेखत झिजत होती.

असा पेच पडला की आमच्याकडे देवीला कौल लावतात. गुरवानं मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. सकाळपासून बसलो, उन्हं चढली, पण एकही पाकळी हलली नाही. "देवी आज गप हाय," गुरव म्हणाला. मी तसा तापट. नारळ न फोडताच उठलो आणि मनात म्हणालो, ऐन गरजेला गप्प बसणारी तू कसली आई?

त्याच रागात, नकार द्यायचं ठरवून, एसटीनं कोल्हापूर गाठलं. डॉक्टरांच्या खोलीबाहेर उचगावची एक मुसलमान बाई मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. त्यालाही शकूचाच आजार. तिनं विचारपूस केली आणि का कुणास ठाऊक, मी कौलापर्यंतचं सगळं सांगून टाकलं. तिच्या मुलाला ती गोळी देऊन झाली होती. अंगभर चट्टे उठले, ताप भरला, म्हणून बंद करावी लागली. मग माझं ठरलंच, असं मी म्हणालो. पोराच्या डोक्यावरून हात फिरवत ती म्हणाली,

"न्हाय म्हणू नगासा, पावणं. माझ्या पोराला सोसली न्हाय, म्हणून तर डॉक्टर आता थोडक्यापास्नं सुरू करत्यात. कुणाच्या तरी लेकराला आधी घ्यावीच लागती की. तुमच्या पोरीला गुण आला, तर माझ्या पोरानं सोसल्यालं वाया गेलं न्हाय." मग हळूच म्हणाली, "तुमच्या देवीला माझ्या पोराचंबी सांगा."

मला रडू आवरेना. आत जाऊन मी हो म्हणालो. शकूला पाव गोळीपासून सुरुवात केली. मधे उलट्या झाल्या, पुन्हा मात्रा कमी केली, मग बेताबेतानं वाढवली. हळूहळू रक्त थांबलं. आजार मुळापासून गेला नाही, पण आटोक्यात राहिला, आणि एका दुपारी काम करता करता मला अंगणात तिच्या पैंजणांचा आवाज ऐकू आला.

ती बाई पुन्हा भेटली नाही. तिच्या मुलावर दुसरे उपचार चालू आहेत, एवढंच डॉक्टरांकडून कळलं. त्या दिवशी देवी गप्प का राहिली, याचा खल मी आता करत नाही. तिच्यापुढं उभा राहिलो की आधी त्या पोरासाठी मागतो. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं, पण देवीला ते ठाऊक असणार. मग लेकीसाठी वेगळं काही मागावंसं वाटत नाही. नुसते हात जोडतो.