गायकवाड सरांची तांबडी गाडी

मास्तर लोक रिटायर झाले की गप्पांना दोनच विषय उरतात, पेन्शन आणि गुडघे. आम्हा भोरच्या मास्तरांचं तसं नाही. आमच्याकडं गायकवाड सरांची गाडी आहे! म्हणजे गाडी आता नाही, किस्से आहेत. आणि कधी घडलेच नाहीत असे दोन-चार किस्से त्यात दर वर्षी वाढतात. गाडी चार माणसांची. पण ‘त्या दिवशी मीपण गाडीत होतो’ म्हणणारे मला आजवर सव्वीस जण भेटलेत. तेव्हा म्हटलं, मी ज्यांत खरोखर होतो तेवढे तरी सांगून टाकावेत.

काळ सत्तर सालाच्या आसपासचा. शाळेत मी मराठी शिकवायचो, गायकवाड सर सायन्स आणि शिंदे सर ड्रिल.

*

धरणाच्या कॉलनीतले एक साहेब बदलून गेले आणि त्यांची विलायती गाडी आंब्याखाली तशीच राहिली. एवढीशी, बुटकी, दोन दारांची. मागचं दार काचेसकट वर उघडायचं. तसली गाडी आमच्यापैकी कुणी पाहिलेली नव्हती. ‘वळणावर ही रस्ता सोडत नाही,’ असं साहेब एकदा बोलून गेले होते. ते वाक्य गायकवाड सरांच्या डोक्यात बसलं. पत्रांवर पत्रं टाकून त्यांनी ती गाडी मिळवलीच.

चावी घेऊन आम्ही गेलो, तर मागच्या सीटवर वॉचमनची कोंबडी अंडी उबवत बसलेली!

वॉचमन म्हणाला, “आनखी आट दिस दम धरा की सर. पिल्लं निगू द्या.”

आणि गायकवाड सर थांबले! रोज शाळा सुटली की सायकल मारत कोंबडीला बघून यायचे. नवव्या दिवशी पिल्लं बाहेर आली, पाठोपाठ गाडी.

इंजिन तर बंदच. मग बैलजोडी लावली. स्टिअरिंगवर शिंदे सर, तोंडात शिट्टी. भोरात शिरताना एका म्हाताऱ्यानं आधी बैल बघितले, मग गाडी बघितली आणि विचारलं,

“सर, बॉडी विलायती आन् इंजान देशी घेतलंत व्हय?”

*

शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुरुस्ती सुरू झाली. पार्ट मिळायचे नाहीत. गायकवाड सर एकेक भाग खोलून फळ्यावर त्याची आकृती काढायचे, नंबर घालायचे आणि मगच तो रॉकेलमध्ये धुवायचे. मी रॉकेल ओतायचो. माझ्या मराठीचा गाडीला तेवढाच उपयोग!

कार्बोरेटरच्या सांध्यातून पेट्रोल गळायचं काही थांबेना. शेवटी सरांनी कोऱ्या प्रगतिपुस्तकाचा जाड पुठ्ठा घेतला, ब्लेडनं बरोबर मापात कापला आणि सांध्यात बसवला. थेंब पडायचा बंद झाला.

त्याच आठवड्यात मीटिंग. पोरं शाळा सोडून शेतावर जायची, त्याची हेडमास्तरांना फार काळजी. गंभीर चेहऱ्यानं त्यांनी विचारलं, “गळती थांबवण्यासाठी या महिन्यात कुणी काही प्रयत्न केला का?”

शिंदे सर उठून उभे राहिले.

“गायकवाड सरांनी केला. एका प्रगतिपुस्तकात थांबली!”

*

दोन महिन्यांनी, एका शनिवारी, मधल्या सुट्टीत गाडी ढकलून सुरू करायचं ठरलं. ब्रेकचे पार्ट पुण्याला गेले होते, ते अजून आले नव्हते. पण सर म्हणाले, “नुसतं इंजिन सुरू करू, आवाज ऐकू आणि बंद करू.”

शिंदे सरांनी दहावीची पोरं मागं लावली. “एक साथ, जोर लगा!” गाडी दोन आचके देऊन जी सुटली, ती मैदानातच. गायकवाड सर स्टिअरिंगला चिकटलेले आणि गाडी मैदानाला गोल फेऱ्या घालतेय! पोरं कट्ट्यावर उभी राहून फेऱ्या मोजतायत. शिंदे सर शिट्टी फुंकत ओरडतायत, “लेन सोडू नका! लेन सोडू नका!”

घंटा झाली. हेडमास्तर व्हरांड्यात आले.

“गायकवाड, तास सुरू झालाय!”

“सर, ब्रेक सुरू झालेला नाही!”

अकराव्या फेरीला पेट्रोल संपलं आणि गाडी आपली आपण थांबली. मी धापा टाकत पोचलो. “अहो, चावी फिरवायची होती ना! लगेच बंद झाली असती.”

सरांच्या कपाळावर घाम होता, पण डोळे असे चमकत होते की काय सांगू.

“दोन महिन्यांनी सुरू झाली हो. बंद करायला हात धजेना!”

*

ब्रेक आले. गाडीला तांबडा रंग लागला. मग रविवारी आमची स्वारी शिवऱ्यापर्यंत चहाला जाऊ लागली. तिथल्या हॉटेलात एक कॉन्ट्रॅक्टर भेटायचा. जीपवाला. आमची गाडी दिसली की म्हणायचा, “काय मास्तर, डबा आणला का?”

एकदा गायकवाड सर चिडले. “भोरपर्यंत येता का? जो मागं राहील त्यानं सगळ्या स्टाफला चहा पाजायचा!”

सरळ रस्त्यावर जीप पुढं गेली. धुरळ्यात आम्हाला काही दिसेना. पण वळणं लागली आणि साहेबांच्या त्या वाक्याचा अर्थ मला कळला. जीप वळणावर दचकत, हळू होत जायची. आमची गाडी जमिनीला पोट लावून सुळकन निघायची. मागच्या सीटवर शिंदे सर एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं घसरत होते आणि प्रत्येक घसरणीला म्हणत होते, “वा सर! वा सर!”

पुढं अरुंद मोरीवर मेंढरांचा कळप. जीप अडकली. हॉर्नवर हॉर्न! धनगरानं काठी आडवी धरली. “थांबा, न्हाई जायाची एवढी मोटार.”

तेवढ्यात आम्ही जीपच्या कडेनं मोरीपाशी पोचलो. धनगर खाली वाकला, गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली आणि काठीनं मेंढरं बाजूला सारत ओरडला,

“सरा रं! कोकरू हाय, जाऊ द्या म्होरं!”

चहा आम्ही घेतलाच. वर भजीपण खाल्ली.

*

मार्च महिना. बोर्डाची परीक्षा. साडेनऊ वाजले तरी भोंगवलीची सुमन आलेली नाही. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. तिची मैत्रीण म्हणाली, “तिला आज बघायला येणारेत. बापानं नको म्हटलंय.”

गायकवाड सरांनी माझ्याकडं बघितलं. मी मुकाट्यानं गाडीत बसलो. त्या दिवशी सरांनी वळणांवरही वेग कमी केला नाही. मी डोळे मिटूनच होतो.

सुमनचे वडील अंगणात घोंगडी अंथरत होते. म्हणाले, “सर, तुमच्या शब्दाभायेर न्हाई. पर पावणं यायचे हाईत.”

“किती वाजता?”

“तीन-चारला.”

“पेपर दोनला सुटतो. तुम्हीपण चला. मुलगी तुमच्या हातानं न्या, तुमच्या हातानं आणा.”

दारातून सुमन बघत होती. तिनं साडी नेसलेली होती, हातात पेन होतं. बापानं ते पेन बघितलं, उपरणं खांद्यावर टाकलं आणि म्हणाला, “चला. पर गाडी जरा बेतानं हाना.”

सरांनी बेतानं हाणली नाही. अकराला तीन मिनिटं कमी असताना सुमन वर्गात होती.

दुपारी आम्ही परत गेलो, तर पाहुणे आधीच येऊन बसलेले. तांबड्या गाडीतून मुलगी आणि बाप उतरताना बघून ते घोंगडीवरून उठूनच उभे राहिले. बापाची छाती अशी फुगली! म्हणाला, “आमची पोरगी गाडीनं परीक्षेला जाती.”

मुलगी तिथल्या तिथं पसंत. सुमननं चहाचा ट्रे खाली ठेवला आणि विचारलं, “मुलगा किती शिकलाय?”

एक पाहुणा म्हणाला, “सातवी. पुढं म्हंजी... परीक्षेला बसलाच न्हाई.”

“मग आधी त्याला बसू द्या परीक्षेला,” ती म्हणाली. “गाडी सर पाठवतील!”

*

गायकवाड सर मूळचे विंझरच्या पलीकडच्या एका वाडीतले, बौद्ध कुटुंबातले. वडील लवकर गेले. आईनं धरणाच्या कामावर मातीची पाटी वाहून त्यांना शिकवलं होतं. गाडी घेतल्यावर कितीदा तरी त्यांनी तिला बोलावलं, पण ती यायची नाही. “म्या काय करू त्या गाडीत?”

एका दिवाळीत ती भोरला आली आणि परत जाताना एकदाची तयार झाली. सोबत मी होतो. सरांनी पुढचं दार उघडलं, सीट पुसली.

“हितं बस, आई.”

“न्हाई. म्या मागं बसनार.”

“अगं, पुढून रस्ता दिसतो.”

“रस्ता म्या लई बगितलाय. धरनावर सायेब लोक मागं बसायचं. म्या मागंच बसनार.”

पुढची सीट वाकवून तिला मागं बसवलं. ती मधोमध बसली, पदर नीट केला, दोन्ही हात मांडीवर ठेवले. सर आरशातून सारखे तिच्याकडं बघत होते. नसरापूर गेलं, विंझर गेलं, तरी तिची बैठक हलली नाही.

वाडीच्या आधी गावाचा पार लागतो. त्या पारापाशी आली की पूर्वी ती चपला काढून हातात घ्यायची. सरांनी मला हे सांगितलं नव्हतं. नंतर गावातल्याच एकानं सांगितलं. पार दिसला तसा सरांनी गाडीचा वेग वाढवला.

मागून आवाज आला. “थांबव.”

“आई, घर पुढं आहे.”

“हितं थांबव.”

गाडी थांबली. पारावर सात-आठ माणसं. त्यातले सगळ्यात वयस्क पाटील काठी टेकत जवळ आले, आत वाकून बघू लागले. त्यांनी तिला ओळखलं.

“कोनाची गं ही गाडी?”

ती काचेतून त्यांच्याकडं बघत, जागची न हलता म्हणाली,

“माजी. मास्तर डायवर ठिवलाय.”

गायकवाड सर खाली उतरले. पुढची सीट वाकवली. एक हात दाराला लावला, दुसऱ्या हातानं सायन्सच्या मास्तरानं कडक सलाम ठोकला.

“या, बाईसाहेब.”

आई उतरली. पायात चपला होत्या.