सासरे आणि नऊशे कबुतरं

सासऱ्यांना संशोधनात घेऊ नये, असं कुठल्याही विद्यापीठाच्या नियमावलीत लिहिलेलं नाही. ते लिहायला हवं, असं माझं मत बनलं ते आम्ही विश्रांतवाडीत राहत असताना.

तेव्हा मी जंगलातल्या पक्ष्यांची संख्या कशी वाढते आणि कशी घटते, याच्या गणितावर पीएच.डी. करत होतो. माझ्या वयाची मंडळी कॉम्प्युटरचे कोर्स करून धडाधड अमेरिकेला जात होती. मी दर महिन्याला घाटात जाऊन अंगाला जळवा लावून परत येत होतो. माझी बायको मृणाल शाळेत शिकवायची, त्यामुळे घरात निदान एका माणसाचं काम तरी पाहुण्यांना समजावून सांगता यायचं.

आमच्या सोसायटीच्या आवारात एक जुना उंबर होता. त्याची एक फांदी थेट आमच्या बाल्कनीपर्यंत यायची आणि मृणालचा सकाळचा चहा त्या फांदीशेजारीच व्हायचा. त्या वर्षी कबुतरांनी सोसायटीत उच्छाद मांडला. चेअरमन देवधरांनी निदान केलं, की कबुतरं उंबरावर राहतात, तेव्हा उंबर तोडायचा. (देवधर शनिवार पेठेतून आलेले निवृत्त बँक अधिकारी. शब्दसुद्धा मोजून आणि सही घेतल्यासारखे द्यायचे.)

"अहो, कबुतरं झाडावर राहत नाहीत," मी म्हणालो. "इमारतीच्या कपारीत राहतात. आणि ती फार नाहीतच."

"किती आहेत?"

"मोजावी लागतील."

"आपण दोन वर्षं जंगलात पक्षी मोजताय ना? किती भरले?"

"अकरा."

"म्हणजे वर्षाला साडेपाच," देवधर म्हणाले. "रविवारी दहाला मीटिंग आहे. तोवर आमची कबुतरं मोजून आणा. शंभराच्या आत निघाली, तर झाड राहील."

घरी आल्यावर मृणाल एवढंच म्हणाली, "झाड गेलं, तर मी माहेरी जाईन." पण या धमकीत फारसा दम नव्हता. तिचं माहेर, म्हणजे माझे सासरे, त्या आठवड्यात आमच्याकडेच मुक्कामाला होतं.

सासरे यवतमाळकडचे. वनरक्षक म्हणून उभी हयात जंगलात गेलेली. माझ्या संशोधनाबद्दल त्यांना फार आदर होता, कारण त्यातलं त्यांना काही कळत नसे. मी त्यांना पद्धत समजावून सांगितली. तीस कबुतरं पकडायची, रंग लावून सोडून द्यायची. ती बाकीच्यांत मिसळली, की चार-पाच दिवसांनी पुन्हा पाहायचं. जितकी कबुतरं दिसतील, त्यांत रंगवलेली किती, यावरून एकूण संख्या काढता येते. रंगवलेली खूप दिसली, तर कबुतरं थोडी. रंगवलेली कमी दिसली, तर कबुतरं भरमसाट.

"पकडाचं काम माह्याकडे," सासरे म्हणाले. "तुमी फक्त रंग लावा."

आणि खरोखर, सोमवारी संध्याकाळी इमारतीच्या डक्टमध्ये शिरून त्यांनी तीस कबुतरं अशी उचलली, की जणू ती भाजीवाल्याच्या टोपलीतली वांगी होती. मृणालच्या ओढणीसाठी आणलेला पक्का राणी कलर मी त्यांच्या शेपटांना फासला. (बराचसा माझ्या शर्टाला फासला गेला. तो शर्ट मी पुढे होळीसाठी राखून ठेवला.)

"आता हे मार्कवाले लांबूनही ओळखू येतीन, नाही?" सासऱ्यांनी विचारलं.

"हो ना. सगळं त्यांच्यावरच अवलंबून आहे."

"समजलं," ते गंभीरपणे म्हणाले.

त्यांना नेमकं काय समजलं, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

रविवारी पहाटे सासरे दोन रिकाम्या आंब्याच्या पेट्या सुतळीने बांधून बाहेर पडताना दिसले. निदान त्या रिकाम्या आहेत, असं मी समजलो.

"कुठे निघालात, बाबा?"

"कात्रजले. सर्पोद्यान पाहून येतो."

"आणि पेट्या?"

"बसाले," ते म्हणाले आणि जिना उतरले. एक पेटी घोगरं खाकरली. मला वाटलं, सासरेच खाकरले.

आठ वाजता मी वही घेऊन गच्चीत उभा राहिलो. साठ कबुतरं दिसली. त्यांत रंगवलेली किती? दोन. मी चष्मा पुसला. दोनच. तीस गुणिले साठ भागिले दोन. नऊशे!

नवाकोरा कॉम्प्युटर मी याच दिवसासाठी घेतला होता. त्यात आकडा घातला, तर त्याने पुढच्या पाच वर्षांचा आलेख काढून दाखवला. पाचव्या वर्षी सोसायटीत माणशी शंभर कबुतरं येत होती.

"तुझं काहीतरी चुकलंय," मृणाल म्हणाली. "नऊशे कबुतरं बसणार कुठे?"

"गणित चुकत नाही," मी म्हणालो. "मलाही झाड हवंय. पण शास्त्रज्ञाने आकडा लपवायचा नसतो."

ती बाल्कनीत गेली आणि उंबराकडे तोंड करून बसली. मी तिच्या पाठीला आणखी थोडं गणित समजावून सांगितलं.

दहा वाजता पार्किंगमध्ये मीटिंग भरली. मी मान खाली घालून आकडा सांगितला. देवधरांनी तो दोनदा विचारून घेतला.

"नऊशे. आणि आपणच म्हणाला होतात, फार नाहीत. ठीक. झाड तोडायला कोणाची हरकत?"

मृणालने हात वर केला. आपलाही करावा की शास्त्राची बाजू घ्यावी, या विचारात मी असतानाच सासरे फाटकातून आत आले. घामाघूम, पण चेहरा कमालीचा समाधानी.

"जावईबापू, चिंता सोडा," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "तुमचे मार्कवाले घाटात सोडून आलो. अठ्ठावीस. दोन काही हाती लागले नाही."



"बाबा," मी कसंबसं म्हणालो, "पण का?"

"काउन म्हणजे? आमच्या खात्यात ज्या झाडाले मार्क मारला, ते झाड काढाचं असते. तुमी कबुतराले मार्क मारला. म्हटलं, तुमी अभ्यासाचे माणूस, तुमच्यानं काही हे काढणं होत नाही. रात्री डक्टातून धरले आन् सकाळी पयल्या बसनं नेले."

"ते बघा," पहिल्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाई म्हणाल्या.

आकाशातून राणी कलरची शेपटं उतरत होती. कात्रजहून विश्रांतवाडी, भर उन्हात, बहुधा सासऱ्यांच्या बसच्या वरूनच. उंबरावरून एक घिरटी घालून ती सगळी देवधरांच्या बाल्कनीच्या कठड्यावर ओळीने बसली. उंबरावर एकही नाही.

देवधर उठले. खिशातून पेन काढलं. नोटांची गड्डी मोजावी तसे बोट नाचवत त्यांनी कठडा मोजला, मग खाली मान घालून बेरीज केली.

"ही अठ्ठावीस. सकाळी यांना दिसलेली साठ. अठ्ठ्याऐंशी," ते म्हणाले. "शंभराच्या आत. झाड राहील. मीटिंग संपली." आणि माझ्याकडे पाहून, "आपल्या पीएच.डी.ला बेरीज चालत नाही का?"

मृणालने तिथेच वडिलांना मिठी मारली. संध्याकाळी तिने पुरणपोळी केली, तीही त्यांच्यासाठी. मला दोन मिळाल्या, नमुना म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी हा सगळा प्रकार माझ्या मार्गदर्शकांना सांगितला. त्यांनी विचारलं, "तुमच्या सासऱ्यांची पीएच.डी.ला नाव नोंदवण्याची इच्छा आहे का?"

वर्षभरात मी संशोधन सोडून एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलो. कुठलं काम किती दिवसांत होईल, याचा हिशेब तिथे मी मांडतो. माझा आकडा अजूनही दहापटीने चुकतो, फक्त तिथे त्याला चूक म्हणत नाहीत, डेडलाइन म्हणतात.