न उघडलेला प्रश्न

स्वतःला कोच म्हणवून घ्यायची मला अजून लाज वाटते. ग्वाल्हेरच्या किला गेटजवळच्या माझ्या खोलीतून मी रोज सकाळी साठीच्या पुढच्या बायकांना ऑनलाइन व्यायाम शिकवते. नवीन कोणी आलं की आधी फॉर्म पाठवते. पहिला फॉर्म इतका लांबलचक होता की बायका तो अर्ध्यातच सोडून द्यायच्या. मग मी डोकं चालवलं आणि प्रश्नांना अटी घातल्या. मधुमेह 'नाही' म्हटलं की साखरेचे प्रश्न दिसतच नाहीत. घरी येऊन शिकवायला 'नको' म्हटलं की पत्ता विचारला जात नाही. आणि 'एकट्या राहता का?' याला 'हो' म्हटलं तरच पुढचा प्रश्न उघडतो: अडचणीत कोणाला फोन करायचा? या हुशारीचं मला इतकं कौतुक होतं की भेटेल त्याला सांगत सुटले होते.

एका काकूंनी तिन्ही ठिकाणी नकार भरला. त्या शहराच्या लश्कर भागात कुठेतरी राहतात, एवढंच मला ठाऊक होतं.

त्या दिवशी भिंतीला हात लावून एका पायावर उभं राहायचं होतं. काकूंचा तोल गेला आणि त्या चौकटीतून नाहीशा झाल्या. उरले फक्त मोजे घातलेले दोन पाय. क्लासमध्ये मी सगळ्यांचे आवाज बंद ठेवते, नाहीतर कुकरच्या शिट्ट्या आणि भाजीवाल्याशी घासाघीस ऐकत बसावं लागतं. काकूंचाही बंद होता, आणि तो त्यांच्याच फोनवरून सुरू होणार होता.

"काकू, ऐकू येतंय? पाय हलवा."

उजव्या पायाची बोटं हलली.

मी त्यांचा फॉर्म उघडला. आटोपशीर, सुटसुटीत, आणि मला हवं ते त्यात काहीच नाही. स्वतःचा असा संताप मला कधी आला नव्हता. बाकीच्यांना विचारलं. एक जण म्हणाली, "नई सडक पे रहती हैं शायद." घर कोणालाच माहीत नव्हतं. काकूंच्या नंबरवर फोन लावला, तर पडद्यावरचे पाय थिजले, कारण क्लास त्याच फोनवर चालू होता. घाबरून मी कट केला. नई सडकवर जाऊन कोणत्या दारावर थाप मारणार होते मी? मग नुसतं बोलत राहिले. "घाबरू नका हं, कामवाली येतेच आहे." त्यांच्याकडे कामवाली आहे की नाही, हेही मला माहीत नव्हतं. मी रडत होते आणि ते त्यांना कळू नये म्हणून जोरजोरात बोलत होते.

बऱ्याच वेळानं खरंच कामवाली आली. तिचे ओठ "अम्मा" म्हणताना दिसले. शेजारीपाजारी गोळा झाले. खुब्याचं हाड मोडलं होतं.

दुपारी दवाखान्यात मी विचारलं, "काकू, 'एकट्या राहता का?' याला तुम्ही 'नाही' का लिहिलंत?"

"अगं, सही तर लिहिलं. एकटी कशी? दोन-दोन मुलं आहेत ना मला."

एक पुण्यात, एक बंगळूरला. आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून मुलं कधी जातच नाहीत. शिधापत्रिकेवर त्यांची नावं असतात, गणपतीला त्यांच्या वाट्याचे मोदक होतात. मी याच घरांत वाढले आणि तरी असा प्रश्न घातला.

सगळ्या अटी काढून मी फॉर्म पुन्हा सगळ्यांना पाठवला. काकू घरी आल्यावर त्यांचा आला. अडचणीत कोणाला फोन करायचा, तिथे माझा नंबर होता. नातं: कोच. किला गेटहून त्यांच्या दारी पोचायला मला गर्दीत अर्धा तास लागतो. मी लगेच फोन केला.

"काकू, मुलांपैकी कोणाचा तरी नंबर द्या ना."

"नको गं," त्या म्हणाल्या. "उगीच परेशान होतील. बिचारे तिकडे एकटे राहतात."