वर केलेलं बोट

शिंपीणबाईंची उजवी बाजू लुळी पडली, वाचाही गेली. त्यांना कपडे डोक्यावरून घालता येईनात, म्हणून नवऱ्याने त्यांचा गाऊन पुढून कापून शिवायला घेतला. जन्मात कधी मशीनला हात न लावलेला माणूस! कापडाखाली दोऱ्याचा नुसता गुंता होऊ लागला.

खाटेवरून बाई डाव्या हाताचं बोट सारखं वर करत होत्या.

"पंखा लावू? उशी उंच करू?"

त्यांनी डोळे मिटून घेतले.

बऱ्याच वेळाने त्याच्या डोक्यात प्रकाश पडला: ते बोट पंख्यासाठी नव्हतं, मशीनसाठी होतं. कापड दाबणारा पाय वर उचलून त्याने दोरा पुन्हा ओवला. आता दोरा त्याला ताण देणाऱ्या चकत्यांमध्ये नीट बसला आणि टाके सरळ पडले.

"अगं, जमलं बघ!"

बाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. उशी ओली झाली होती. अर्धा शिवलेला गाऊन हातात धरून तो तसाच बसून राहिला.