मामांचा ऋणनिर्देश

जगात लेखक पुष्कळ झाले, पण पुस्तक काढणं हे घरचं लग्नकार्य आहे असं मानणारा माणूस एकच, आमच्या हिचे मामा. कराडजवळच्या गावचे, फौजेतून निवृत्त. गावाकडच्या आणि फौजेतल्या आठवणी लिहिल्या आणि माधवनगरला माझ्याकडे घेऊन आले, कारण मी अधूनमधून पुस्तकं छापतो. "जावईबापू, ह्यातलं मला कायबी कळत न्हाई. तुमी शब्द सांगा, अर्थ सांगा. पर पुस्तक असं निघालं पायजे, की आमचा दादा माझ्याशी बोलला पायजे." शेताच्या बांधावरून वाजल्यापासून थोरल्या भावाचं बोलणं बंद होतं. सगळा खटाटोप तेवढ्यासाठी.

मग सुरू झाली माझी शिकवणी. संपादन म्हणजे जास्तीचा मजकूर काढणं, म्हटल्यावर आधी भडकले, मग म्हणाले, "म्हंजे पाला काढायचा, ऊस ठेवायचा. काढा!" आणि पुढे प्रत्येक ओळीला "ह्यो ऊसच हाय" म्हणून अडून बसले. मलपृष्ठावर, म्हणजे पुस्तकाच्या मागच्या बाजूला, लेखकाचा फोटो असतो म्हटलं, तर ताठ उभे. "जवान मागं ऱ्हात न्हाई. म्होरं घाला!" आता काय कपाळ सांगणार!

पण खरी गंमत ऋणनिर्देशाची. मदत करणाऱ्यांचे आभार मानायचे, एवढंच मी म्हणालो होतो. मामांनी त्याची लग्नपत्रिका केली. सगळी भावकी वयानं आणि मानानं, कैलासवासींसकट, आणि सगळ्यांच्या वर थोरल्या दादांचं नाव. "मामा, यांनी पुस्तकाला काय मदत केली?" "पत्रिकेवरचा चुलता तरी लग्नात काय करतो? रुसत न्हाई, ही मदत न्हवं व्हय?" मी त्या पानाच्या दोन प्रती काढून दिल्या. छपाईआधी चुका तपासायला जो कागद काढतात त्याला प्रूफ म्हणतात, हेही सांगून झालं होतं. मामांनी त्या पानाच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं, एक प्रत ग्रामदैवतापुढे ठेवली आणि दुसरी थोरल्याच्या घरात देऊन, चकार शब्द न बोलता परतले. पहिला मान देवाचा, दुसरा थोरल्याचा, रिवाजच तसा.

चार दिवसांनी दोघंही माझ्या दारात! थोरल्यांनी मामांच्या घरी जाऊन "चल" एवढंच म्हटलं होतं म्हणे. आले ते माझ्यावरच कडाडले, "आवं जावई, चुका तपासायचा कागद हाय न्हवं ह्यो? मग तपासला. भावकी झाडून घातलीया, आन् आमची आई कुठं हाय?" पत्रिकेच्या नादात नुसती पुरुषांची रांग लागली होती, आणि ते माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. मामांचे डोळे भरले. हळूच म्हणाले, "चुकलं दादा. बस की."

अर्पणपत्रिका म्हणजे पुस्तकाच्या सुरुवातीला एकाच माणसासाठी राखलेलं पान, हे मी मग दोघांना मिळून शिकवलं. आईचं नाव तिथं बसलं. पण थोरल्यांना आता प्रूफं तपासायची चटक लागलीय. "ल्हानपणाचं ह्यानं लय खोटं लिवलंय" म्हणत ते रोज संध्याकाळी लाल पेन घेऊन धाकट्याच्या ओट्यावर जाऊन बसतात. छापायला कधी घ्यायचं, असं मी परवा फोनवर विचारलं. "थांबा की जावईबापू, दादा तपासतोय अजून." मग आवाज खाली आला, "सावकाश तपासू द्या." खरं सांगतो, ते पुस्तक इतक्यात निघू नये असं मलाही वाटायला लागलंय.