सात तिकिटं, चौदा तुकडे

माझ्या आत्याच्या हातात अखंड कागद द्यायचा नाही, हा आमच्या इमारतीतला अलिखित नियम होता. अलिखित, कारण लिहिला असता तर तिने तोही फाडला असता. विजेचं बिल असो की डॉक्टरची चिठ्ठी, बोलता बोलता तिचा अंगठा कागदाच्या मध्यावर जायचा आणि चर्र! त्यात राग नसायचा. अठ्ठावीस वर्षं ती मोठ्या सभागृहाच्या दारात उभी राहून तिकिटं फाडत आली होती. अर्धं प्रेक्षकाच्या हातात, अर्धं पेटीत. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. पण ते फक्त तिला कळलं होतं, हातांना कुणी कळवलं नव्हतं.

दारावर ती भलतीच कडक. "ओळख आणि रडगाणं, दोन्ही दाराबाहेर," हे तिचं ब्रीद. माझ्या वडिलांना, म्हणजे सख्ख्या भावाला, तिने एकदा जुन्या तारखेच्या तिकिटावरून परत पाठवलं होतं. त्यानंतर महिनाभर ते घरातसुद्धा तिला विचारून आत येत. इमारतीत लहानथोर सगळे तिला आत्याच म्हणायचे, तिच्याहून मोठे मास्तरसुद्धा. कुणाचं भांडण झालं की लोक म्हणत, "चला, आत्याला विचारू. ती खोटं बोलायची नाही."

इतक्या वर्षांत गाणी तिने ऐकली ती बंद दाराच्या अलीकडे, स्टुलावर बसून. म्हणून त्या वर्षी तिने आयुष्यातलं पहिलं तिकीट काढलं. तिच्या नादाने इमारतीतून आणखी सहा निघाली. सगळ्यांच्या आवडीचा म्हातारा गायक होता. कार्यक्रमाला आठ दिवस उरले आणि त्याचा गळा गेला, तो कायमचा. सभागृहाने सूचना लावली: पैसे परत हवे असतील त्यांनी शनिवारी पाचपर्यंत तिकीट खिडकीवर द्यावं, नको असतील त्यांनी ते आठवण म्हणून ठेवावं.

यावर जिन्यात सभा भरली.

"मी ठेवीन म्हणतो," मास्तर म्हणाले. "वहीत चिकटवून."

"न झालेल्या गाण्याची कसली आठवण?" दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलीणबाई म्हणाल्या. त्या वकील नव्हत्या, वकिलाची बायकोही नव्हत्या. वाद घालत, म्हणून ते नाव. "उद्या न झालेल्या लग्नाचा वाढदिवस कराल!"

मास्तरांनी मान खाली घालून तिकीट पुढे केलं. तळमजल्यावरचे घड्याळजी, जे घड्याळं दुरुस्त करत आणि स्वतः सगळीकडे उशिरा पोचत, त्यांनी नवराबायकोची दोन दिली. नर्सबाईंचं एक, वकीलीणबाईंची दोन, आत्याचं एक. सातही तिकिटं पाकिटात घालून वकीलीणबाईंनी पाकीट डिंकाने चिकटवलं आणि आत्याला बजावलं, "खिडकीपाशी पोचल्यावरच उघडायचं हं!"

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" आत्या म्हणाली. "अखंड नेईन. माझा शब्द."

शनिवारी मला सुट्टी होती, म्हणून सोबत गेलो. साडेतीनला पोचलो तर रांग जिन्याखालून वळून स्वच्छतागृहापर्यंत गेलेली. जुने पहारेकरी आत्याला सलाम करत होते, पुढे बोलावत होते. ती जागची हलली नाही. "रांग म्हणजे रांग."

चारला दहा कमी असताना पुढे सातआठ माणसं उरली. आत्याने पाकीट उघडलं. खिडकीशी खोळंबा नको, म्हणून तिकिटं आधी मोजून ठेवावीत, असा तिचा चोख विचार. आणि नेमकी त्याच वेळी वरच्या माळ्यावर वीजवाला घंटा तपासत होता. त्याने दाबली. तिसरी घंटा. लांब, कर्कश, सगळ्या सभागृहभर.

तिसरी घंटा म्हणजे कार्यक्रम सुरू व्हायची खूण, दारात गर्दी, अंधार होत आलेला, लोक धापा टाकत आलेले. आत्याची पाठ ताठ झाली. दोन्ही हात वर आले. अंगठा मध्यावर गेला. चर्र!

सातच्या सात. एका झटक्यात, छिद्रांच्या रेषेवरून, एक धागा इकडेतिकडे नाही. डावा हात तर पेटी शोधत हवेत गेलासुद्धा.

आत्या स्वतःच्या हातांकडे पाहत होती, जशी आई भर बाजारात पोराने काही पाडल्यावर पोराकडे पाहते.

"चिकटपट्टी आणतो," मी कुजबुजलो. "समोर दुकान आहे."

"चिकटवलेलं तिकीट म्हणजे बनावट तिकीट." आत्या म्हणाली. "मीच परत पाठवलीयत तशी माणसं."

"मग घरी जाऊ."

"घरी जाऊन काय सांगू? शब्द दिला होता मी." पुढचा माणूस सरकला, तशी तीही एक पाऊल सरकली.

खिडकीच्या काचेवर पाटी होती: फाटलेले तिकीट कोणत्याही कारणास्तव स्वीकारले जाणार नाही. मी अक्षर ओळखलं. पाटी आत्याने लिहिली होती.

आत बसली होती चिमणी. आवाज बारीक म्हणून चिमणी. आत्याच्याच हाताखाली दहा वर्षं तयार झालेली. आत्याला पाहून तिचा चेहरा फुलला. मग चौदा तुकडे पाहून मिटला.

"आत्या, हे कुणी केलं?"

"मी. घंटा झाली."

चिमणी ओठ चावत राहिली. मागे रांगेत चुळबुळ सुरू झाली. "अगंबाई, दारवानीणच फाडून आली!" कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. आत्याचे कान लाल झाले.

"देऊन टाक की पैसे," मी म्हणालो. "दोन्ही तुकडे आहेत. आत कुणी गेलेलं नाही. दारच उघडलं नाही!"

"तू गप्प बस," आत्या मला म्हणाली. "पाटी वाचता येते ना?"

"एक वाट आहे," चिमणी हळूच म्हणाली. "खराब तिकिटाचा फॉर्म. तुम्हीच सुरू केला होतात, पावसात भिजलेल्या तिकिटांसाठी. पण ज्याचं तिकीट त्याने स्वतः यायचं, कारण स्वतःच्या हाताने लिहायचं. पाचला साहेब शटर ओढतील. मग माझ्या हातात काही नाही."

भिंतीवरचं घड्याळ चार वाजून दहा मिनिटं दाखवत होतं. घर पंधरा मिनिटांवर. नर्सबाई तर कामावर. मी फोन काढला, पण आत्या तो घेईना. तिला पैशांचं काही नव्हतं, ते तिने स्वतःच्या पेन्शनीतून भरले असते. ज्यांनी शब्दावर विश्वास ठेवला त्यांना आपल्या तोंडाने सांगायचं, हे घशाखाली उतरत नव्हतं. घड्याळाचा काटा दोन घरं पुढे गेला.

"दे," ती म्हणाली.

मास्तर, घड्याळजी, वकीलीणबाई, नर्सबाई. चारही वेळा तीच वाक्यं: "आत्या बोलतेय. तुमचं तिकीट मी फाडलं. पाचच्या आत खिडकीवर या." एकही शब्द इकडचा तिकडे नाही.

साडेचारपर्यंत कुणीच नाही. पावणेपाचला वकीलीणबाई आल्या, आणि मागोमाग, काय नवल, वेळेवर घड्याळजी! बायकोला ओढतच आणली होती. मास्तर छत्री टेकत शेवटी. आत्या कुणाच्या डोळ्यांकडे बघेना.

चिमणीने फॉर्म सरकवले. घड्याळजींनी कारणाच्या रकान्यात लिहिलं: खिशात घडी पडून फाटले. त्यांच्या बायकोने लिहिलं: धुताना फाटले. वकीलीणबाईंनी आपल्या दोन्ही तिकिटांच्या एकाच फॉर्मवर ठसठशीत अक्षरात लिहिलं: उंदराने कुरतडले.

"उंदीर इतका सरळ कुरतडतो?" चिमणीने विचारलं.

"आमच्याकडचा शिस्तीचा आहे."

रांगेतले हसले. आत्या हसली नाही. तिने हात घालून तिन्ही फॉर्म उचलले. मला वाटलं, आता हेही गेले! पण तिने ते फक्त वाचले, चष्मा पुसून पुन्हा वाचले, आणि काउंटरवर पालथे ठेवले.

"नवीन घ्या. खरं लिहा."

"अहो आत्या, दहा मिनिटं राहिलीत!" वकीलीणबाई म्हणाल्या. "तुमचंच नाव वाचवतोय ना आम्ही!"

"खोट्यावर वाचलेलं नाव घेऊन जिन्यातून वर कशी येऊ? लिहा, आत्याने फाडले."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर मी साहेबांना सांगेन की उंदीर खोटा आहे."

वकीलीणबाईंनी उंदीर चुरगाळला आणि पेन उचललं. पाचला सात कमी. चिमणी एकेक फॉर्म मोठ्याने वाचून शिक्का मारू लागली, नियम तसा होता. "आत्याने फाडले." ठप्प. "आत्याने फाडले." ठप्प. आत्या प्रत्येक शिक्क्याला ताठ उभी, शाळेत छडी घ्यावी तशी.

मास्तरांची पाळी आली. त्यांनी फॉर्म मागे सारला. "मला पैसे नकोत. तुकडे द्या. दोन्ही."

"फाटकं तिकीट वहीत लावणार?" वकीलीणबाई.

"अर्धं पेटीत जातं नेहमी. दोन्ही अर्धी कुणाकडे असतात सांगा!" आणि त्यांनी ती चष्म्याच्या डबीत ठेवली.

आत्याने आपला फॉर्म भरला. मी खांद्यावरून पाहिलं. कारण: सवय. ठप्प.

आत साहेबांच्या किल्ल्यांचा आवाज झाला. पाचला दोन कमी. नर्सबाईंचा पत्ता नाही. चिमणी उगाचच कागद सारखे करत होती. शटर अर्ध्यावर आलं तेव्हा दारातून पांढरे बूट धावत आले. नर्सबाईंनी शटरखालून हात घातला, लिहिलं, शिक्का पडला, नोट बाहेर आली, शटर खाली.

"मला परत जायचंय, दोन पेशंट तसेच आहेत," नर्सबाई धापा टाकत म्हणाल्या. "आमच्या कपड्यांना खिसा नाही. आत्या, ही नोट ठेवा. रात्री घेते."

आत्याने हात पाठीमागे नेले. "माझ्याकडे नको. याच्याकडे द्या."

"त्याला मी कुठे ओळखते नीट? धरा."

आणि नोट तिच्या हातात कोंबून त्या गेल्यासुद्धा.

आत्याने ती दोन तळव्यांमध्ये सपाट दाबली, अंगठे दूर ताणून. तशीच ती पंधरा मिनिटं चालली. वाटेत नाक खाजलं तर मला खाजवायला लावलं. घरी मी कुलूप उघडलं, पाण्याचा पेला तिच्या तोंडाला लावला, तळवे सुटेनात. शेजारून कुणाच्या दाराची घंटा वाजली तशी ती दचकून खुर्चीत घट्ट बसली, हात गुडघ्यांत दाबून.

नर्सबाई आठला आल्या. आत्याने तळवे उघडले. नोट अखंड होती. घामाने ओली झाली होती, एवढंच.