मार्थाबाईंची धास्ती

मार्थाबाई एस.टी.च्या वेळेआधी तासभर पाथर्डीच्या स्टँडवर जाऊन उभ्या राहायच्या. गाडी लागली की ही नगरचीच ना, हे आधी कंडक्टरला विचारायचं, मग ड्रायव्हरला, आणि आत बसल्यावर शेजारच्या म्हातारीला. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेली ही बाई कुकरच्या शिट्टीलाही दचकायची. "मला मेलीला सगळ्याचीच धास्ती," असं स्वतःच म्हणायच्या.

भीती नव्हती ती फक्त जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांतल्या हातभर लांब वाक्यांची. त्यांच्या घरी संध्याकाळच्या प्रार्थनेत बायबल पाळीपाळीनं वाचायची रीत होती. एकानं वाचायचं, अर्थ आपल्या शब्दांत सांगायचा, मगच पुढच्याची पाळी. कादंबरीही त्या माझ्याकडून तशीच वाचून घ्यायच्या. कठीण शब्द आला की थांबवायच्या.

"ऑब्स्टिनेट म्हणजे हट्टी. आपल्यातला कोण?"

"आमचे अण्णा!"

"कशावरून? पुरावा दे."

पुरावा ढीगभर होता. आई-अण्णा दरवर्षी ऊसतोडीला जायचे, तेव्हा आम्ही दोघी बहिणी आत्याकडं, बाईंच्या शेजारी राहायचो. माझ्या बारावीच्या वर्षी निघताना अण्णांनी बजावलं, "परीक्षा एकदाच. नंबर लागला तर कालेजात जा. न्हाई लागला तर लगीन लावून देतो, तुमचा दोघांचा एक कोयता हुईल." नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादम तसाच हिशेब धरतो. आमच्याकडं याला धमकी म्हणत नाहीत, रीत म्हणतात.

विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत इंग्रजी शब्दांवर भरपूर प्रश्न. क्लासची पोरं मोबाईलवर याद्या घोकत सुटलेली, आणि आम्ही रोज जेमतेम दोन पानं! जानेवारीतल्या सराव परीक्षेत मी सपशेल आपटले. बाईंपुढं जाऊन रडले, "बाई, तुमच्या कादंबरीतली ती बाई अजून बग्गीतून खाली उतरेना, आणि इकडं माझं लग्न ठरायची वेळ आली!"

बाई पांढऱ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी शब्दांच्या याद्यांचं जाडजूड पुस्तक घेऊन आत्याच्या दारात उभ्या. "माझं चुकत असलं तर गं? माझ्या हौसेपायी तुझं वाटोळं नको. हे पाठ कर."

आठवडाभर मी घोकलं. सकाळचं संध्याकाळी आठवेना. ऑब्स्टिनेट तेवढा पक्का, कारण डोळ्यांपुढं अण्णाच उभे राहायचे. शेवटी परत गेले आणि म्हटलं, "बाई, रोज चार पानं वाचू, पण वाचूच." त्या एवढंच म्हणाल्या, "देवा, आता तूच बघ रे बाबा."

परीक्षेला नगरला त्या बरोबर आल्या. उताऱ्यात एक शब्द असा आला की कधी पाहिलेलाच नाही. मग बाईंच्या घरी वाचायचे तसा उतारा ओठांतल्या ओठांत सावकाश वाचला. त्यातला म्हातारा घर विकून निघालाय आणि त्याचा पायच निघत नाही, हे दिसलं, तसा शब्दही कळला. बाहेर आले तर बाई फाटकाशी उन्हात उभ्या, पाण्याची बाटली न उघडता तशीच छातीशी धरलेली. "सांगू नकोस, काही म्हणजे काही सांगू नकोस, मला ऐकवणार नाही!"

नंबर लागला. अण्णा बाईंकडं आले, टोपी काढून उंबऱ्यातच बसले. म्हणाले, "बाई, आता धाकटीलाबी बसवा वाचायला."

"पुन्हा पहिल्या पानापासून? अहो, तोवर मी जगेन का!" बाई म्हणाल्या, आणि त्याच संध्याकाळी धाकटीला पुस्तक उघडायला लावलं.

नाही जगल्या. या हिवाळ्यात गेल्या. धाकटीची कादंबरी अर्ध्यावर राहिलीय, परीक्षा येत्या मे महिन्यात आहे आणि मी इथं पुण्यात. अण्णा कारखान्यावरून फोन करून विचारतात, "बाईवानी कुनी हाय का गं तिकडं?" नाही हो अण्णा, नाही. सुट्टी लागली की मीच येते, असं त्यांना सांगितलंय. वाचून घेईन मी तिच्याकडून, शब्दही समजावीन. पण परक्याच्या पोरीच्या काळजीनं ज्याला घास गोड लागत नाही, असं माणूस मी कुठून आणू?